बिननावाचं घर

"मॅडम, सोमवारी पहिलं काम, याला तारीख सांगायची. नाही सांगितली तर रुसतं हे."

गोकुळचा हा आवाज अलकानं चार वर्षांपूर्वी ऐकला होता आणि हसून सोडून दिला होता. सिल्वासाजवळच्या सायली गावातल्या त्या सूत रंगवायच्या कारखान्यात कॉम्प्युटर तिनंच बसवला होता, आणि महिन्याभरानं पाहणीला गेली तेव्हा तो हे म्हणाला होता. साक्रीकडचा माणूस, दहावी झालेला, रंगाच्या टाक्यांवरचा. नखांत कायम निळं. साहेब लोक यंत्राला बोट लावायला बिचकत होते तेव्हा हाच पुढं झाला. एखादी गाय एकाच हाताला पान्हा सोडते, तसं ते यंत्र त्याच्या हाताला लागलं.

आज १९९३ सालच्या ऑगस्टची सहा तारीख होती, शुक्रवार. सकाळी वापीच्या ऑफिसात फोन वाजला. पलीकडे कारखान्याचा मॅनेजर मिलिंद टिपणीस होता. त्याच्या बोलण्यात नमस्कारसुद्धा नव्हता. यंत्र बंद पडलंय, आत्ता निघा, आत खुनाचा पुरावा आहे आणि पोलिसांना तो उद्या सकाळी कोर्टात न्यायचाय, एवढं त्यानं एका दमात सांगितलं.

"कुणी कुणाला मारलं?" अलकानं विचारलं.

"तुमच्या गोकुळनं," मिलिंद म्हणाला आणि फोन ठेवला.

'तुमच्या' हा शब्द सिल्वासाच्या बसमध्ये तिच्या शेजारी येऊन बसला आणि उतरेपर्यंत हलला नाही.

कारखान्याच्या फाटकाशी पावसात कामगार उभे होते. कुणी वाट दिली नाही. "डबेवाली आली," कॉम्प्युटरला डबा म्हणणाऱ्यांपैकी एकानं म्हटलं, आणि दुसरा तिच्या चपलेपासून वीतभर अंतरावर थुंकला. फाटकावरच्या म्हाताऱ्या पहारेकऱ्यानं, आबानं, वहीत तिचं नाव लिहून घेतलं. पण तिच्याकडं बघितलं नाही.

मिलिंदनं तिला खुर्ची दिली नाही. उभ्यानंच हकिकत सांगितली.

बुधवारी, चार तारखेला, पांढऱ्या सुताचा मोठा लॉट टाकीत होता. अशा सुताला आधी ब्लीच, मग ॲसिड. दोन्हींच्या मध्ये स्वच्छ पाण्याच्या दोन धुलाया. धुलाई झाली नाही आणि ब्लीचवर ॲसिड पडलं, तर टाकीतून पिवळा-हिरवा वायू उठतो आणि माणसाची छाती आतून भाजून काढतो. ही सगळी कृती कॉम्प्युटरमध्ये होती. तिचा कागद छापून निघायचा, डाइंग मास्तर त्यावर सही करायचा, आणि टाकीवरचा माणूस त्याप्रमाणं ओतायचा. बुधवारच्या कृतीत धुलाईच्या दोन्ही ओळी नव्हत्या. टाकीवर वाळू नावाचा कामगार होता. त्यानं ओतलं. दवाखान्यापर्यंतसुद्धा तो पोचला नाही.

"त्या दुपारीच मी यंत्रात बघितलं," मिलिंद म्हणाला. "कृती बदलली एक ऑगस्टला, अकरा दहाला. एक ऑगस्ट म्हणजे रविवार. कारखाना बंद. फाटकाच्या वहीत त्या दिवशी एकच नाव आहे. आत साडेदहाला, बाहेर बाराला. गोकुळ."

"सोमवारी?"

"सोमवारी दोन ऑगस्ट. दादरा-नगर हवेलीचा मुक्तिदिन. फाटकालाच कुलूप होतं. आणि मंगळवार-बुधवार हा रजेवर. खानवेलला बहिणीच्या शेतात भात लावत होता. चिखलातून उचलला त्याला."

"तो काय म्हणतो?"

"रविवारी का आला होतास, एवढंच विचारतात. तो खाली बघतो. फोरमनची जागा दिली नाही म्हणून डूख धरला होता त्यानं. आणि तुम्हाला यंत्र चालू करायला बोलावलंय. बाकीचं डोकं वापीला ठेवून यायचं होतं."

अलकानं विचारायचं सोडलं नाही. "यंत्र अजून कोण चालवतं?"

"गोकुळ. मी पडद्यावर वाचतो तेवढंच."

"आणि मी शिवतसुद्धा नाही, ताई," दारातून कुणीतरी म्हणालं.

ते चंद्रकांत मास्तर होते, डाइंग मास्तर. नाशिकचे, साठीला टेकलेले. त्या अख्ख्या कारखान्यात तिला चहा विचारणारा हा एकच माणूस. दोन दिवस रडून त्यांचे डोळे सुजले होते. वाळूच्या घरी तांदूळ यांनीच पोचवले, असं मागाहून कळलं. "चार वर्षांत त्या डब्याला माझं बोट लागलेलं नाही," ते म्हणाले. "आम्ही जुनी माणसं. रंग डोळ्यांनी ओळखतो."

"मग गोकुळ रजेवर असताना बुधवारचा कागद छापला कुणी?"

"तोच रविवारी छापून माझ्या टेबलावर ठेवून गेला होता. मी विश्वासानं सही केली." त्यांचा आवाज चिरकला. "न वाचता."

यंत्रावर पिवळी पडलेली चिठ्ठी होती: बंद करू नये. चिठ्ठी अलकाच्याच हाताची. आतली डिस्क जुनी. थंड झाली की जागच्या जागी चिकटायची. म्हणून चार वर्षं यंत्र अखंड जागं होतं. सुट्टीतसुद्धा कृतीचा प्रोग्राम तसाच उघडा राहायचा, लाइट गेली तर खालची बॅटरी त्याला सांभाळायची. बुधवारी संध्याकाळी हवालदारानं पुरावा सील करायचा म्हणून तार ओढली, आणि यंत्र मेलं.

तिनं झाकण काढलं. डिस्क तळहातावर धरून, घट्ट बसलेलं झाकण फिरवावं तसा मनगटाला झटका दिला. तिसऱ्या झटक्याला आतून गुणगुण सुरू झाली. पडदा हिरवा झाला. या यंत्राला स्वतःचं घड्याळ नाही, त्यामुळं उठल्याबरोबर त्यानं तारीख विचारली, वेळ विचारली. तिनं सांगितली. मग कृतीचा प्रोग्राम उघडायला एंटर दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. नाहीच.

"उजव्या कोपऱ्यावर दाबा," चंद्रकांत मास्तर दारातून म्हणाले. हातात तिच्यासाठी आणलेला चहा होता. "मधोमध दाबलं तर लागत नाही ते."

तिनं कोपऱ्यावर दाबलं. प्रोग्राम उघडला.

मग तिनं फाइलींची यादी काढली. मिलिंद खांद्यावरून वाकून बघत होता. पांढऱ्या सुताची कृती, शेवटचा बदल एक ऑगस्ट, सकाळी अकरा दहा.

"दिसलं?" तो म्हणाला.

तिला आणखी एक गोष्ट दिसली होती. यादीत खालून तिसऱ्या ओळीला नाव नव्हतं. पुढं फक्त एवढंच की इथं एक कप्पा आहे. गल्लीत सगळ्या दारांवर पाट्या असाव्यात आणि एकाच दारावर नसावी, तसं.

"ही ओळ?"

"रिकामी आहे. तुमच्या यंत्रात असल्या खोडी पुष्कळ. दर आठवड्याला काहीतरी नवीन."

पण ही खोड यंत्राची नव्हती. ती अलकाचीच होती. एक बटण दाबून धरून बाजूच्या आकड्यांवर दोन-पाच-पाच मारलं की यंत्र एक अक्षर उमटवतं, जे असतं पण दिसत नाही. त्याच अक्षराचं नाव कप्प्याला दिलं की कप्पा बिननावाचा. दिसतो, पण आत कसं शिरायचं ते कुणाला कळत नाही. दोन वर्षांपूर्वी दुपारच्या डब्यानंतर गंमत म्हणून तिनं गोकुळला हे शिकवलं होतं. तो लहान मुलासारखा हसला होता. "मॅडम, हे तर बिननावाचं घर," म्हणाला होता.

मिलिंद फोन घ्यायला गेला तेव्हा ती त्या घरात शिरली. आत एकच फाइल. मे महिन्यातली. इंग्रजी अक्षरांत लिहिलेली दोन मराठी वाक्यं:

'ब्लीच आणि ॲसिडच्या मधली धुलाई वगळू नका. माणूस मरेल.'

छपाईची आज्ञा तिनं उघडून बघितली. गोकुळनं तिच्यात एक जोड दिली होती. कुठलाही कागद छापला की बिननावाच्या घरातली ही दोन वाक्यं तळाशी उमटायची. पडद्यावर कधीच नाही. साहेबाला पडद्यावर दिसली असती तर साहेबानं पुसली असती. कागद मात्र खाली टाक्यांवर जातो.

तिनं एक कृती छापून बघितली. प्रिंटर करकरला. वर तारीख-वेळ, मध्ये कृती, तळाशी ती दोन वाक्यं. कार्बन लावलेल्या दोन प्रती.

"दुसरी प्रत कुणाकडं जाते, मास्तर?" कप न्यायला आलेल्या चंद्रकांत मास्तरांना तिनं विचारलं.

"टाकीवरच्या माणसाकडं."

"बुधवारची तुमची प्रत?"

"ॲसिड उडालं तिच्यावर. फेकून दिली."

"तळाशी हे येतं, ते माहीत होतं तुम्हाला?"

"खाली काहीतरी इंग्रजी कचरा येतो खरा," मास्तर म्हणाले आणि चहाचा रिकामा कप उचलून गेले.

वाळूची खोली किलवणी गावात होती, एका लांबट चाळीच्या टोकाला. ओसरीवर बायका बसल्या होत्या. एक म्हातारी हलक्या आवाजात म्हणत होती:

धनी माझा रंगारी, हात निळे निळे
दारी येता संध्याकाळ, घर उजळे

अलका दिसताच ओवी मध्येच तुटली. वाळूची बायको बायडाबाई उंबऱ्यात येऊन उभी राहिली. उंच, काळीसावळी, कपाळ मोकळं. तिनं दोन्ही हात चौकटीला लावले, म्हणजे आत यायचं नाही.

"तू डबावाली ना? तुमना डबानी मना मानूस खादा. आते काय हाडं गोळा कराले उनी?"

अलकानं माफी मागितली नाही. तिला माहीत होतं की मागितली असती तर बाईनं दार लावलं असतं. तिनं सरळ विचारलं, वाळूच्या खिशात कागद होता का.

बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. बायडाबाईचे हात चौकटीवरून खाली आले.

"कोनी सांगं तुले?"

"कुणी नाही. असायला पाहिजे, एवढंच."

मग बायडाबाई आत गेली, पत्र्याची पेटी उघडल्याचा आवाज झाला, आणि ती चार घड्यांचा एक कागद घेऊन आली. दिला नाही. स्वतःच्या हातात धरून उलगडला, ताटलीतला प्रसाद कुत्र्यापासून राखावा तसा.

अलका वाकून वाचू लागली. धुलाईच्या ओळी नव्हत्या. तळाशी गोकुळची दोन वाक्यं होती. त्यांच्या बरोबर खाली कार्बनमधून उमटलेली निळी सही, चंद्रकांत सोनार. वर तारीख. या यंत्रात महिना आधी येतो, दिवस मागून. आठ, दोन, त्र्याण्णव. वेळ सकाळी आठ वीस.

तिनं तारीख दोनदा वाचली.

बायडाबाईनं कागद उलटा केला. मागं पेन्सिलीनं काहीतरी गिरवलेलं होतं, तीनदा, वाकडंतिकडं.

"वाळूला लिहिता यायचं?"

"अंगठा लावे," बायडाबाई म्हणाली. "रेघोट्या त्या. पेन्सिल घिसन बसे येडा, हात चाळा म्हनीसन." आणि अलकानं वाचायच्या आत तिनं घडी घातली.

"हा कागद उद्या फौजदारांना दाखवावा लागेल."

"पोलिसले दिना तर पोलिस खाई. सायबले दिना तर सायब खाई. मना हातमाच राही हाऊ." ती थांबली. "मीच आनसू. पन त्या गोकुळना तोंडवर थुकीसन मंग."

परत येऊन अलकानं आबाकडं फाटकाची वही मागितली. तो म्हणाला, पोलिसांनी बघितली, साहेबांनी बघितली, आता बायकांनीपण बघायची का. मग त्यानं वही पुढं ढकलली. रविवारचं पान बोटांच्या ठशांनी मळलं होतं. सोमवारचं पान कोरं. पुढचं पान अजून कुणी उलटलंसुद्धा नव्हतं. ओलसर होऊन मागच्या पानाला चिकटलं होतं. तिनं नखानं सोडवलं.

मंगळवार, तीन ऑगस्ट. मिलिंद टिपणीस, गाडी बाहेर साडेनऊला, वापी. आत संध्याकाळी पाचला. आणि खाली किल्ल्यांच्या रकान्यात: कॉम्प्युटर खोली, दुसरी किल्ली, अकरा वाजता, परत साडेअकरा. सही ओळखीची होती.

पावसात मोरीच्या कठड्यावर बसून तिनं बोटांवर रात्री मोजल्या. शनिवारची एक. रविवारची एक. सोमवारची एक. आणि चार वर्षांपूर्वीचा तो आवाज तिला पुन्हा ऐकू आला. या वेळी ती हसली नाही.

शनिवारी सकाळी नऊला मिलिंदच्या केबिनमध्ये गर्दी झाली. फौजदार दत्तात्रय भोये टोपी मांडीवर ठेवून बसले होते. गोकुळ कोपऱ्यात, बेड्या घातलेला, विजारीला अजून शेतातला वाळका चिखल. चंद्रकांत मास्तर खिडकीशी. बायडाबाई दाराला पाठ लावून उभी, मूठ पदराखाली. तिनं आल्या आल्या गोकुळच्या पायाशी थुंकून घेतलं होतं. त्यानं पाय मागं घेतले नव्हते.

"बाई, दहा मिनिटं," फौजदार म्हणाले. "त्यानंतर हा कोर्टात. आणि यंत्राच्या गप्पा मला कळत नाहीत."

"गप्पा एका कागदाच्या आहेत," अलका म्हणाली. "मास्तर, बुधवारचा कागद गोकुळनं रविवारी छापून ठेवला, असं तुम्ही काल म्हणालात."

"हो."

"बायडाबाई, वरची तारीख फौजदारांना दाखवा. हातातूनच."

बायडाबाईनं कागद उलगडला, पण सोडला नाही. फौजदारांना उठून तिच्यापर्यंत जावं लागलं.

"आठ दोन. आठ फेब्रुवारी?"

"महिना आधी. दोन ऑगस्ट, सकाळी आठ वीस. सोमवार, मुक्तिदिन. त्या दिवशी फाटकाला कुलूप होतं. मग हा छापला कुणी?"

मिलिंद कागद बघायला पुढं वाकला.

"रविवारी छापला असता तर एक तारीख आली असती. सोमवारी कारखान्यात चिटपाखरू नव्हतं. म्हणजे तारीख सांगणारं यंत्रच चुकलं होतं. आणि ते कागदावर चुकलं असेल, तर फाइलीवरसुद्धा चुकलं असणार."

"यंत्र चुकतं का?" फौजदारांनी विचारलं.

"हे चुकतं. दर आठवड्याला." तिनं टेबलावरची एक आगकाडी उचलली. "मध्यरात्र उलटली की हे यंत्र आठवण म्हणून एक खूण ठेवतं. दाराच्या फटीत काडी खोचावी तशी. सकाळी कुणी काम सुरू केलं की यंत्र काडी बघतं, एक दिवस पुढं जातं, काडी काढून टाकतं. पण कुणी हातच लावला नाही, तर दुसरी रात्र येते, तिसरी येते, आणि फटीत जागा एकाच काडीची. किती रात्री गेल्या ते त्याला कळत नाही. एकच मोजतं."

तिनं काडी खाली ठेवली.

"रविवारची सुट्टी म्हणजे दोन रात्री. म्हणून सोमवारी हे कायम एक दिवस मागं असायचं. गोकुळला कारण माहीत नव्हतं, उपाय माहीत होता. दर सोमवारी सकाळी तो पहिल्यांदा याला तारीख सांगायचा. मला त्यानं चार वर्षांपूर्वी सांगितलं होतं. मी इंजिनिअर, मी हसले.

"या वेळी सुट्ट्या दोन होत्या. रविवार आणि मुक्तिदिन. शनिवारी संध्याकाळी यंत्र एकतीस जुलैवर होतं. तीन रात्री गेल्या, त्यानं एक मोजली. मंगळवारी सकाळी त्याच्या हिशेबी एक ऑगस्ट होता. तारीख सांगणारा माणूस खानवेलला चिखलात. बुधवारी ते दोन ऑगस्टवर आलं. बुधवारी सकाळी छापलेला कागद हा. आणि एक ऑगस्ट, अकरा दहाची ती फाइल म्हणजे मंगळवार, तीन तारीख."

"कशावरून?" मिलिंदचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "रविवारी यानं फाइल बदलली असेल, आणि मग..."

"रविवारी यानं यंत्राला बोट लावलं असतं, तर शनिवारची काडी तेव्हाच निघाली असती. मग मंगळवारी यंत्र दोनवर असतं आणि बुधवारी तीनवर. कागदावर दोन आहे. रविवारी त्याला कुणी शिवलं नाही."

फौजदारांनी टोपी मांडीवरून टेबलावर ठेवली. "मंगळवारी इथं कोण होतं?"

"साहेब वापीला. वहीत आहे. कॉम्प्युटर खोलीची दुसरी किल्ली अकरा ते साडेअकरा चंद्रकांत मास्तरांकडं. तेही वहीत आहे. सगळ्यांनी रविवारचं पान वाचलं. पुढचं कुणी उलटलं नाही."

"रंगांच्या शेडची कार्डं आणायला गेलो होतो," मास्तर म्हणाले. "मला तो डबा चालवता येत नाही. सगळ्यांना माहीत आहे."

"काल मी एंटर दाबत होते, लागत नव्हतं. तुम्ही दारात होतात. उजव्या कोपऱ्यावर दाबा म्हणालात."

मास्तरांनी खिडकीबाहेर बघितलं.

"ते डोळ्यांनी कळत नाही, मास्तर. त्या बटणाला बोट लावून फसल्याशिवाय कुणाला कळत नाही."

"मी चार वर्षं गोकुळच्या मागं उभा राहून बघितलंय," मास्तर म्हणाले. मग त्यांना आपण काय बोललो ते कळलं असावं, कारण ते मटकन खुर्चीत बसले.

"सोमवारी सकाळी तेवढं कधी उभे राहिला नाहीत," अलका म्हणाली.

मग मास्तर बोलू लागले, कुणाकडंही न बघता. माल गुरुवारी ट्रकवर चढायचा होता. दोन धुलाया म्हणजे तीन तास. एखादी धुलाई तोंडी वगळणं काही नवीन नव्हतं, कितीदा झालं होतं, कधी कुणी खोकण्यापलीकडं गेलं नव्हतं. या वेळी दोन्ही वगळायच्या होत्या. पण वाळू ऐकेना. म्हणाला, मास्तर, कागदावर असंल तरच ओतीन. कुणी शिकवलं होतं त्याला कोण जाणे.

"म्हणून तुम्ही कागदच बदललात," फौजदार म्हणाले.

"फाइलीवर रविवार कसा आला, ते मला आजवर कळलं नव्हतं. साहेबांनी सांगितलं तेव्हा वाटलं, देवानं वाचवलं."

"आणि तळाची दोन वाक्यं?" अलकानं विचारलं. "तुमची सही त्यांच्या खाली आहे. बरोबर खाली."

मास्तरांचे डोळे भरून आले, आणि बायडाबाई त्या डोळ्यांकडं अशी बघत राहिली की जणू त्यांनी पोचवलेल्या आणि तिनं शिजवलेल्या तांदळाचा दाणा न् दाणा तिला आठवत होता.

फौजदारांनी हवालदाराला खूण केली. गोकुळच्या बेड्या निघाल्या. मनगटं चोळत तो तसाच उभा राहिला. मिलिंदनं त्याच्याकडं एकदा बघितलं, टेबलावरचे कागद उगाच सारखे केले आणि बाहेर निघून गेला. मास्तरांना दुसऱ्या दारानं नेलं.

"एक राहिलं," फौजदार म्हणाले. "रविवारी तू का आला होतास, तेवढं सांग. तीन दिवस मार खाल्लास, बोलला नाहीस. चोरी केली नाहीस, यंत्राला शिवला नाहीस. मग दीड तास आत करत काय होतास?"

गोकुळनं खाली बघितलं. ती त्याची जुनी जागा होती. मग त्यानं मान वर केली आणि फौजदारांना टाळून बायडाबाईकडं बघितलं.

"वाळूदादानं शपथ घातली होती," तो म्हणाला. "कोणाले सांगू नको. चाळिशीमां पाटी धरी म्हणून चाळीतली पोरं हसतील. अन् घरी तर बिलकुल सांगू नको."

बायडाबाई हलली नाही.

"दर रविवारी मी फाटकातून यायचो, तो मागच्या भिंतीच्या खिंडारातून. टाक्यांमागं बसायचो. खडूनं टाकीवर लिहायचो अन् जाताना पुसून टाकायचो. कागदावर असेल तेच ओतायचं, हे मीच त्याला सांगितलं होतं. मला वाटलं, कागद त्याला वाचवील." त्यानं बायडाबाईच्या मुठीकडं बघितलं. "सगळी बाराखडी नको म्हणे. एकच शब्द शिकव. दोन महिने लागले. डा काही जमेना त्याला."

बायडाबाईनं मूठ उघडली. कागद उलटा केला. पेन्सिलीच्या त्या तीन वाकड्या ओळी तिनं स्वतःकडं धरल्या, मग हळूच, पहिल्यांदाच, दुसऱ्या कुणाच्या तरी हातात दिल्या.

गोकुळनं त्यावर निळ्या नखाचं बोट ठेवलं.

"रेघोट्या नहीत या, वहिनी," तो म्हणाला. "तुमनं नाव शे."